ल ग्विन निबंधवाचन : १९७६ ची गाठ सुटली

अमेरिकन विज्ञानकथा आणि फँटसी लेखिका अर्सुला ल ग्विन यांचे निबंध आपण कालक्रमाचा तक्ता करून वाचतोय. त्यातला 'इज जेंडर नेसेसरी?' हा निबंध तक्त्यात कुठे बसवायचा, हा प्रश्न एकदाचा मिटला. त्यासाठी तक्ताच मोडावा लागला, पण ते ओघाने येईलच.

मागच्या नोंदीनंतर वाचन झकास चाललं होतं. 'व्हाय आर अमेरिकन्स अफ्रेड ऑफ ड्रॅगन्स?' एका बैठकीत झाला. 'फ्रॉम एल्फलंड टू पोकिप्सी' पुन्हा वाचला आणि पुन्हा तितकाच आवडला. त्यात बाईंनी एका फँटसी कादंबरीतला उतारा घेतलाय, मोजके शब्द आणि नावं बदलून तो थेट वॉशिंग्टनच्या राजकारणात नेऊन ठेवलाय, आणि तो उतारा तिथे खुशाल नांदतो. फँटसीत शैली हा वरून चढवायचा दागिना नाही, शैली म्हणजेच ते जग, हा मुद्दा त्या एका प्रयोगातून असा पटतो की पुढे वाद घालायला जागाच उरत नाही. मी हा प्रयोग माझ्या शेल्फावरच्या पुस्तकांवर करून बघितला. तुम्हीही करा. बरीच लाडकी पुस्तकं गळपटतात. फँटसी लेखक ई. आर. एडिसन मात्र जागचा हलत नाही, आणि बाईंनी त्याला उस्तादांमध्ये का बसवलंय ते लख्ख कळतं.

मग आलं १९७६, आणि तिथे सगळं अडलं.

आपला नियम साधा होता : निबंध ज्या वर्षीचा, तक्त्यात त्या वर्षाच्या जागी वाचायचा, शेजारी त्या काळातली बाईंची कादंबरी. पण 'इज जेंडर नेसेसरी?' एक नाही, दोन आहेत. १९७६ चा मूळ निबंध बाईंच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीबद्दलचा (ती घडते गेथेन या ग्रहावर, तिथल्या माणसांना कायमचं लिंग नसतं), १९७९ च्या 'द लँग्वेज ऑफ द नाइट' या निबंधसंग्रहात आलेला. आणि १९८७ चा 'रिडक्स' : तोच मजकूर तसाच ठेवून त्यावर बाईंनी स्वतःच लिहिलेले शेरे. शेरे मऊ नाहीत. मूळ निबंधात म्हटलंय की कादंबरीचा खरा विषय लिंगभेद नसून निष्ठा आणि विश्वासघात आहे. अकरा वर्षांनी त्या सांगतात की ती नुसती फुशारकी होती, टीकाकार एकाच मुद्द्यावर बोलतात म्हणून मी चिडले होते, बचावाच्या पवित्र्यात होते. गेथेनवर समलिंगी नात्यांना जागाच ठेवली नाही, हेही त्या तिथे स्वच्छ कबूल करतात. इंग्रजीतलं 'ही' (he) हे पुल्लिंगी सर्वनाम सर्वांसाठी चालतं, ही १९७६ ची ठाम भूमिका तर पार कोसळली, असं त्याच लिहितात.

आता हे ७६ मध्ये वाचायचं की ८७ मध्ये? ७६ मध्ये वाचलं तर पुढची ल ग्विन आधीच कानाशी बोलायला लागते. ८७ मध्ये वाचलं तर मूळ निबंधाची जागा रिकामी राहते. त्यात माझ्या ई-बुकमध्ये जुना मजकूर आणि शेरे एकाच टायपात एकामागून एक येतात, कोण कधी बोलतंय ते शोधण्यातच जीव जातो. निबंधसंग्रह कागदावरच घ्या, हे माझं मत आता पक्कं झालंय. कादंबरी कशावरही वाचता येते, तळटीपा आणि शेरे मात्र वाचता येत नाहीत.

'द लँग्वेज ऑफ द नाइट'ची सुधारित आवृत्ती मागवली होती. विक्रेत्याने जुनी, सुझन वुड यांनी संपादित केलेली पाठवली. सुधारित प्रत दुसरीकडून मिळवेपर्यंत फार चिडचिड झाली, पण त्यामुळे दोन्ही टेबलावर आल्या आणि गुंता आणखी वाढला. कारण सुधारित आवृत्तीत बाईंनी सरसकट वापरलेला 'ही' (he) खरंच बदललाय. आणि 'रिडक्स'च्या सुरुवातीला मात्र त्या म्हणतात की जुना मजकूर पुसून टाकणं बरोबर नाही. इथवर यायला तिथून जावं लागलं, याचा पुरावा राहू द्यावा. मग एकीकडे पुरावा राखायचा आणि दुसरीकडे बदलायचा, हे कसं?

उत्तर अनुक्रमणिकेत होतं. 'रिडक्स' ज्यात आहे तो 'डान्सिंग अ‍ॅट द एज ऑफ द वर्ल्ड' (१९८९) हा संग्रह मुळात कालक्रमानेच लावलाय, शिवाय प्रत्येक लेखापुढे स्त्रीवाद, सामाजिक जबाबदारी, साहित्य, प्रवास यांच्या खुणा आहेत. त्यात 'रिडक्स'पुढे एक साल नाहीच. १९७६/१९८७ अशी जोडतारीख आहे, आणि लेख ठेवलाय तो सुरुवातीला, ७६ च्या जागी. म्हणजे आपण ज्यावर डोकं फोडत होतो त्याचा निकाल बाईंनी तेव्हाच लावून ठेवला होता! त्या संध्याकाळी मी भलतीच खूश होते.

आणि हे लिहिता लिहिताच दुसरी गोष्ट लक्षात येतेय. मत बदललं की बाई प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी करतात. 'विंटर्स किंग' ही कथा १९६९ ची, पण १९७५ च्या संग्रहात घेताना त्यातल्या गेथेनवासीयांना त्यांनी 'शी' (she) केलं : तिथे मजकूरच बदलला. निबंधात शेरे लिहिले. अर्थसी या बेटांच्या जगावरच्या फँटसी मालिकेत मात्र जुन्या तीन पुस्तकांना हात न लावता १९९० मध्ये 'तेहानू' लिहिली आणि त्याच बेटांवर एका बाईच्या घरातून पुन्हा बघितलं. वाक्यातली चूक दुरुस्त होते, युक्तिवादाशी भांडता येतं, पण अख्ख्या जगाची नजर बदलायला नवी कादंबरीच लागते. निदान माझं वाचन तरी हेच सांगतंय. 'द लँग्वेज ऑफ द नाइट'मधली सर्वनामं पहिल्या प्रकारात बसतात, म्हणून तिथे पुरावा पुसल्यासारखं मला आता वाटत नाही.

तेव्हा कालक्रम रद्द. पुढे धाग्याने वाचायचं. पहिला धागा : 'विंटर्स किंग'ची दोन्ही रूपं, मग 'रिडक्स', मग 'तेहानू', आणि शेवटी 'अर्थसी रिव्हिजन्ड', म्हणजे १९९२ चं ऑक्सफर्डचं व्याख्यान. 'द कॅरियर बॅग थिअरी ऑफ फिक्शन' (१९८६) हा निबंध आधी शेवटाला ठेवला होता, तो आता 'तेहानू'च्या आधी घेते. भाल्याऐवजी पिशवी हे माणसाचं पहिलं साधन मानलं तर गोष्टीचा आकार कसा बदलतो, हे त्यात आहे, आणि 'तेहानू'मध्ये नायकाची झुंज का नाही याचं उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

'द वेव्ह इन द माइंड' हा बाईंचा पुढचा निबंधसंग्रह यामुळे लांबणीवर पडलाय, याचं वाईट वाटतं. त्यातला टोल्किनच्या लयीवरचा निबंध मी चाळला, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या 'फॉग ऑन द बॅरो-डाउन्स' प्रकरणावरचा. तो त्या प्रकरणाशेजारी ठेवून, मोठ्याने वाचत करायचा आहे. ज्यांचा तो झालाय त्यांनी सांगा : आधी प्रकरण वाचलंत की आधी निबंध?