छातीचा पट्टा सोडला तेव्हा

आठ वर्षांची ती मुलगी आईबरोबर कळव्याहून येते, लोकलच्या दिव्यांग डब्यातून. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. हालचालींची क्षमता सांगणाऱ्या जीएमएफसीएस या पाच पातळ्यांच्या वर्गीकरणात ती चौथ्या पातळीवर. आधार दिला तर बसते, बाहेर व्हीलचेअर लागते. आमच्याकडे थेरपीत तिचा उजवा हात रोबोटिक आर्ममध्ये असतो. हाताचं वजन यंत्र पेलतं आणि ती पडद्यावरची फळं उचलून टोपलीत टाकते.

जवळची फळं मिळायची, लांबची राहायची. कोपर सरळ होण्याआधीच खांदा वर चढायचा, मान मागे जायची. "हातात जोरच नाही हो मॅडम," आई म्हणायची. मला ते पटत नव्हतं. लांबचं घ्यायला आपण सगळेच कमरेतून पुढे झुकतो. हिचं धड खुर्चीला बांधलेलं, मग हात जाणार कुठवर?

त्या दिवशी छातीचा पट्टा काढला. कमरेचा ठेवला, पावलं फळीवर सपाट टेकवली, मागे बसून शेवटच्या बरगड्यांपाशी दोन्ही हात लावले.

"ताई, धर! पडेन मी!"

"धरलंय गं. तू आंबा घे."

पहिल्यांदा ती सरळ कोसळलीच. मग मी नेमाने एकच केलं: तोल जाण्याच्या कडेला पोहोचली की आधार, तोवर नुसता स्पर्श. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सुनील अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेने 'ट्रस्ट' नावाचं यंत्र याच तत्त्वावर केलंय. धडाभोवती पट्टा, त्याला मोटरने ओढल्या जाणाऱ्या केबल. मूल स्वतःच्या तोलाची हद्द ओलांडतं तेव्हाच बळ मिळतं, आणि हद्द वाढेल तशी ती पुढे सरकवतात. मला हे फार मोलाचं वाटतं. सगळा भार बाहेरून पेलला तर धडाचे स्नायू काम करतीलच कशाला?

आंबा मिळाला. पण मी बघत राहिले तिच्या डाव्या हाताकडे. एरवी मूठ आवळून छातीशी असणारा तो हात ट्रेवर उतरला होता, तळवा जवळजवळ उघडा. तोल सावरायला तिने तो स्वतःहून टेकवला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

आईने लगेच विचारलं, "घरी स्टुलावर बसवून करू का?" मी म्हटलं, करा, पण गुडघे काटकोनात आणि पाय जमिनीला टेकतील एवढंच उंच स्टूल घ्या. काखेत धरू नका, खाली बरगड्यांपाशी धरा. आणि ती झुकली की लगेच मागे ओढू नका.