१३६ रुपयांचा नजराणा

चलन १३६ रुपयांचं निघालं. सातबाऱ्यावरचा आकार, म्हणजे शेतसारा, तीन रुपये चाळीस पैसे, त्याची चाळीस पट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातली १ हेक्टर ६२ आर जमीन, तिच्यावर १९६७ पासून असलेली कूळकायद्याची शर्त, आणि ती उठवायला सरकारला द्यायचा नजराणा एवढाच. त्याच जमिनीच्या तारणावर बँकेकडे मागणी होती अठरा लाखांची. प्रकरण माझ्यापुरतं संपलं आहे, बँकेला जमिनीच्या मालकीचा अहवाल दिलेला आहे. तरी मनातून जात नाही.

फाईल आली तेव्हा साधी वाटली. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे अशा फायली आठवड्याला चार-पाच येतात. अर्जदार तिशीतला मुलगा, स्वतःची डाळिंबाची बाग, गावातल्या इतरांचा मालही घेऊन प्रतवारी आणि पॅकिंग करायचं होतं. शेड, वजनकाटा, प्रतवारीचं यंत्र, छोटी शीतखोली. तारण वडिलोपार्जित जमीन. ऑनलाइन सातबारा स्वच्छ: भोगवटादार वर्ग १, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन नाही, इतर हक्कात विकास सोसायटीचा पीककर्जाचा बोजा, बाकी काही नाही. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांची सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, पाहिली, एकही दस्त नाही. बँकेच्या नमुन्याप्रमाणे इथे सर्च संपतो आणि ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ लिहून सही करता येते. पुष्कळ जण करतात. तेवढ्यावर अहवाल देणं ही वकिली नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक असतात, जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ते वर्तुळात घातलेले दिसतात. ते उलट्या क्रमाने उघडत मागे जायचं. इथे पहिला वारसाचा निघाला, दुसराही वारसाचा, तिसरा एकत्रीकरणाचा, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडायच्या सरकारी योजनेचा. एकत्रीकरणाच्या फेरफारापाशी सगळ्यांची वाट अडते, कारण तिथे जुना सर्वे नंबर संपतो आणि गट नंबर सुरू होतो. गटाच्या नव्या पानावर तलाठ्याने नाव, क्षेत्र, आकार उतरवून घेतलेला असतो, पण इतर हक्कातला शेरा उतरवलाच असेल याची खात्री नसते. म्हणून उपअधीक्षक भूमि अभिलेखांकडून योजनेचा ९(३) ९(४) चा, जुन्या-नव्या नंबरांची सांगड दाखवणारा उतारा काढायचा, त्यावरून जुना सर्वे नंबर आणि हिस्सा ओळखायचा, आणि मग तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या सर्वे नंबरचे जुने सातबारे मागायचे. नक्कलेचा अर्ज देताना गाव, सर्वे नंबर आणि साल तिन्ही बरोबर हवीत. एक चुकलं की ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा शिक्का मारून अर्ज परत येतो.

चौथ्या खेपेला पान मिळालं. लाल कापडातला बस्ता, कडा कुरतडलेल्या, पण मधला मजकूर शाबूत. इतर हक्काच्या रकान्यात निळ्या शाईत: ‘कूळकायदा क. ४३ चे बंधनास पात्र’. त्याच्याच वर ‘३२ग किंमत रु. ४०८’, आणि त्यावर आडवी रेघ, म्हणजे किंमत पूर्ण भरली म्हणून कमी केलेली. गटाचं पान तयार करणाऱ्याने ती आडवी रेघ पाहिली असणार आणि खालची ओळही गेली असंच समजला असणार. संगणकीकरणाच्या वेळी गटाचंच पान उतरवलं गेलं. अशा रीतीने कायद्याने अस्तित्वात असलेली शर्त कागदावरून नाहीशी झाली. बँकेची तीस वर्षं १९६७ पर्यंत पोहोचतच नाहीत. हा नियम ज्यांनी ठरवला त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या कुळांच्या जमिनी डोळ्यांपुढे ठेवल्या नव्हत्या.

हा शेरा एवढा महत्त्वाचा का, ते सांगते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून प्रत्यक्ष जमीन कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. कलम ३२ग खाली किंमत ठरायची, आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत, हप्ते जास्तीत जास्त बारा. या कुटुंबाची किंमत १२० पटीने ४०८ रुपये ठरली, ६८ रुपयांचे सहा हप्ते पडले, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे ही जमीन कुणी खिरापत म्हणून दिली नव्हती, यांनी ती विकत घेतली होती. तरीही कलम ४३ म्हणतं की अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बक्षीस देता, अदलाबदल करता, गहाण ठेवता येणार नाही. परवानगीशिवाय केलेलं हस्तांतरण अवैध, आणि ८४क ची चौकशी लागली तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाते. शेतीसुधारणेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला सवलत आहे, म्हणूनच पीककर्ज वर्षानुवर्षं सुखाने चालू होतं. अठरा लाखांचं कर्ज व्यापारी होतं. ऑनलाइन उताऱ्यावर विसंबून गहाणखत झालं असतं, तर तलाठ्याच्या लेखणीतून निसटलेल्या एका ओळीपायी तीन पिढ्यांची जमीन धोक्यात आली असती.

मालकी म्हणजे एकच गोष्ट नसते, हे या कामात रोज दिसतं. कसण्याचा हक्क, पीक घरी नेण्याचा हक्क, वारसांना देण्याचा हक्क, विकण्याचा हक्क, तारण ठेवण्याचा हक्क, अशी ती मोळी असते. कूळकायद्याने पहिल्या तीन काटक्या कुळाच्या हाती दिल्या आणि शेवटच्या दोन सरकारने स्वतःकडे ठेवल्या. पहिल्या तीन काय करू शकतात हे साऱ्या जगाने पाहिलंय. १९७८ मध्ये चीनच्या आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा कुटुंबांनी सामुदायिक जमीन गुपचूप आपसांत वाटून घेतली, कागदावर अंगठे उठवले, आणि पुढच्याच हंगामात धान्य कितीतरी वाढलं. सोव्हिएत संघात सामुदायिक शेतावरच्या कुटुंबांना घरामागे छोटे तुकडे ठेवायची मुभा होती. लागवडीखालच्या जमिनीपैकी तीनेक टक्के जागेत देशाच्या शेती उत्पन्नाचा जवळपास पाव हिस्सा निघायचा. आपलं पीक आपलं, एवढ्याने माणूस जीव ओतून राबतो. पण पीक हातात येणं वेगळं आणि भांडवल उभं राहणं वेगळं. चिनी शेतकऱ्याकडे आजही जमिनीची मालकी नाही, कराराचा हक्क आहे. आधी पंधरा वर्षांचा होता, मग तीस वर्षांचा झाला, आणि त्या हक्कावर कर्ज उभारायची रीतसर तरतूद कायद्यात २०१९ पासून आली. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो अशा संपत्तीला मृत भांडवल म्हणतात: डोळ्यांना दिसते, पिकते, पण तिच्यावर दुसरं काही उभं राहत नाही. आपल्या लोकशाहीतला कलम ४३ चा खातेदार आणि साम्यवादी चीनमधला करारदार या बाबतीत सख्खे भाऊ आहेत. हे आपल्याकडे कुणी बोलत नाही.

२०१४ साली कायदा बदलला. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून जमीन मोकळी करता येते. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीच्या वाऱ्या संपल्या. सुधारणा उत्तम. पण ती आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि ज्यांनी करायचा त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दहा वर्षं झाल्यावर शेरा कमी करायचं काम महसूल खात्याने आपणहून का करू नये, याचं समर्थनीय उत्तर मला सापडलेलं नाही. गोळा होणाऱ्या रकमेपेक्षा कागदाचा खर्च जास्त.

आमच्या प्रकरणात आणखी एक गाठ होती. शेरा उठवायचा तर तो उताऱ्यावर असला पाहिजे. कार्यालयाचं म्हणणं पडलं की आधी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची, दुरुस्ती करून शर्त नोंदवून घ्या, मग ती कमी करण्याचा अर्ज द्या. म्हणजे आधी स्वच्छ उतारा डागाळून घ्यायचा. मुलाला ते पटेना. ‘मॅडम, जे दिसतच नाही ते आपण कशाला उकरायचं?’ असं त्याने दोनदा विचारलं. मी त्याला जुन्या पानाची नक्कल दाखवली आणि ४३ चं उपकलम वाचून दाखवलं. मग गप्प झाला. १५५ चा आदेश, त्याचा फेरफार, मग ४३ चा अर्ज, सोबत ३२म चं प्रमाणपत्र. ते हरवलेलं, म्हणून किंमत ठरवणाऱ्या शेतजमीन न्यायाधिकरणाच्या निकालपत्राची आणि प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत काढली. मग चलन, भरणा, आदेश, पुन्हा फेरफार. प्रत्येक फेरफाराला नमुना ९ ची नोटीस आणि हरकतीचे पंधरा दिवस. १३६ रुपये भरायला साडेसात महिने लागले, आणि नकला, झेरॉक्स, एसटीचं भाडं मिळून त्या कुटुंबाचा खर्च नजराण्याच्या कितीतरी पट झाला.

या साऱ्यात एकदा मुलाची आजी प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायला आली. वय ऐंशीच्या पुढे, सातबाऱ्यावर तिचं नाव वारस म्हणून पहिलं. सोबत पत्र्याचा डबा. त्यात ६८ रुपयांच्या हप्त्यांच्या सहापैकी चार पावत्या होत्या, घड्यांवर तुटलेल्या. प्रत काढण्याआधी तो डबा समोर आला असता तर माझे दोन हेलपाटे वाचले असते, पण आमच्यापैकी कुणी तिला विचारलंच नव्हतं.

शर्त उठवतोय म्हणजे काय करतोय, ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘बाहत्तरला ही शर्त व्हती म्हणून रान ऱ्हायलं, वकीलबाई. दीर म्हणला इकू. गिऱ्हाईक पैसं घिऊन दारात आलं व्हतं. तलाठ्यानं सांगितलं, परवानगीबिगर हुनार न्हाय. गिऱ्हाईक गेलं. आमी खडी फोडली, सुकडी खाल्ली, पर रान ऱ्हायलं.’

ज्या ओळीला मी सात महिने अडथळा म्हणून झगडत होते, तिनेच १९७२ च्या दुष्काळात ही जमीन वाचवली होती. कायदा करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. सावकार आणि जुने जमीनदार वाईट वर्षाची वाट पाहतात, हे त्यांना ठाऊक होतं. चुकलं ते एवढंच की नव्या मालकाला सावरायला दिलेली काठी नातवाच्या काळातही पायात अडकलेली राहिली.

आदेश झाला, फेरफार मंजूर झाला, इतर हक्कात आता फक्त सोसायटीचा बोजा. मी अहवाल दिला, बँकेने चौदा लाख मंजूर केले. गहाणखताला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. चुलते तयार झाले, आत्यांनी मधल्या काळात हक्कसोड करून दिली होती. दुय्यम निबंधकाकडची वेळ घेतली, सगळे आले. आजी आली नाही. मुलाने घरी जाऊन विचारलं तर तिने सांगितलं की रानावर अंगठा देणार नाही, दुसरं काय लागेल ते दे म्हण, शेळ्या वीक, माझ्या पाटल्या मोड.

मुलगा दोनदा येऊन गेला. आजीच्या सहीशिवाय फक्त बाकीच्यांच्या हिश्शावर गहाण होतं का, असं विचारत होता. कायद्याने अविभक्त हिश्शाचं तारण देता येतं, पण बँक ते घेत नाही, आणि वाटपाचा दावा लावायचा सल्ला मी त्याला दिला नाही. मंजुरीपत्राची मुदत या महिन्याअखेर संपते. डब्यात आता ६८ रुपयांच्या चार पावत्या आणि १३६ चं चलन एकत्र आहेत, असं त्यानेच सांगितलं.