पाऊस कधी मागायचा?

गेले चार महिने रोज रात्री जेवण झालं की मी ज्यू लोकांच्या प्रार्थनेचे नियम वाचत बसतोय. आमचं घर खानापूर तालुक्यात, भातशेती, घरात हरिपाठ, आणि ज्यू माणूस मी अजून एकदाही भेटलेलो नाही. सुरुवात झाली कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंवरनं, मराठी बोलणारी माणसं, शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, हे प्रार्थना कशी करत असतील असं डोक्यात आलं आणि मग सुटेनाच.

दिवसातनं तीनदा अमीदा, ही त्यांची उभ्यानं म्हणायची मुख्य प्रार्थना. पाय जुळवून उभं राहायचं, तोंड जेरुसलेमकडं, ओठ हलले पाहिजेत पण शेजारच्याला ऐकू जायचं नाही. त्यात १९ आशीर्वाद, नववा पिकापाण्याचा, पाऊस तिथंच मागतात. पण कधीही नाही! इस्रायलात त्यांच्या हेश्वान महिन्याच्या ७ तारखेपासनं, म्हणजे मांडवांचा सण संपून १५ दिवसांनी, का तर सणाला जेरुसलेमच्या यात्रेला आलेला अगदी शेवटचा माणूससुद्धा घरी परतताना फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंत पोचू दे, वाटेत भिजायला नको. हे वाचलं आणि कार्तिकी करून डोक्यावर बोचकं घेऊन परतणारी आमच्या गावची माणसंच दिसली मला.

देशाबाहेरच्यांनी मागायचा साधारण ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासनं, तो हिशोब जुन्या बॅबिलोनचा. आता बघा, डिसेंबरात आमच्याकडं मळणी चाललेली असते, तेव्हा पाऊस आला तर वर्षाचं पीक मातीत. आम्हाला पाहिजे जूनमध्ये. नेमकं हेच निनवे नावाच्या जुन्या शहरातल्या लोकांनी विचारलेलं, आम्हाला ऐन तम्मूजमध्ये, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, पाऊस लागतो, काय करायचं? तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात उत्तर आहे, तुम्ही स्वतःला एकेकटं धरा, आणि सोळाव्यात, 'प्रार्थना ऐकणारा' म्हणतात त्या आशीर्वादात मागा.

पहिल्यांदा मला रागच आला, अख्खं शहर आणि एकेकटं कसं? नंतर पटत गेलं. सगळ्यांनी मिळून मागायचं ते एकाच वेळी मागायचं, गावागणिक बदलायचं नाही, पण ज्याचं रान वाळतंय त्यालाही गप्प बसवायचं नाही, त्याला रोजच्या प्रार्थनेतच जागा करून दिली. मला तरी हा फार मायेचा नियम वाटतो.

यंदा आमची धूळवाफ पेरणी झाली आणि मृग कोरडा गेला. परवा बाबांसोबत शेतात गेलेलो. त्यांनी बोटानं माती उकरली, दाणा तसाच होता, तो परत ठेवून वर माती सारली, आणि उठताना त्यांचे ओठ हलले. मी दोन हातांवर उभा होतो, मला काही ऐकू आलं नाही.