जॅक्सनविलचे दातांचे डॉक्टर

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर बघून झालं की बहुतेक पर्यटक शिकागोकडे वळतात. आम्ही ७२ नंबरच्या हायवेनं पश्चिमेला निघालो, जॅक्सनविलकडे. दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. सोयाबीन म्हटलं की मला आमचा यवतमाळ जिल्हाच दिसतो, फक्त इथे धुरे नाहीत आणि शेतात माणूसही नाही. गाडी चालवता चालवता लेक म्हणाली, "आई, तिथे बघण्यासारखं आहे तरी काय गं?"

"ब्लॅक सरांचं गाव आहे," मी म्हटलं.

बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, केलेल्या कुणालाही हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. ग्रीन वार्डिमन ब्लॅक. कीड दाढेच्या चावायच्या भागातल्या खाचेत असेल तर क्लास वन, मागच्या दोन दातांच्या फटीत असेल तर क्लास टू, हिरडीलगत असेल तर क्लास फाइव्ह. हे पाच वर्ग त्यांनी लावून दिले आणि आजही माझ्या केसपेपरवर तेच लिहिलेले असतात. कॉलेजात मला वाटायचं, हे कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक असणार. तसे ते झालेही. पण तीस-बत्तीस वर्षं ते या जॅक्सनविलमध्ये लोकांचे दात बघत होते.

गाव टुमदार आहे. मधोमध चौक, भोवती जुन्या विटांच्या इमारती, जवळच १८२९ साली स्थापन झालेलं इलिनॉय कॉलेज. आकाशपाळणे बनवणारा जुना कारखानाही इथलाच. चौकाला एक फेरी मारली, कॉफी घेतली आणि विंचेस्टरकडे निघालो. ते अर्ध्या तासाच्या आत येतं आणि जॅक्सनविलहूनही लहान आहे.

याच विंचेस्टरजवळच्या शेतावर १८३६ साली ब्लॅक जन्मले. शाळेत फारसे गेलेच नाहीत. सतराव्या वर्षी डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे, थॉमसकडे, वैद्यक शिकायला राहिले. मग एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने काम केलं, तेवढंच त्यांचं दंतशिक्षण. विंचेस्टरला दवाखाना टाकला, लग्न केलं आणि यादवी युद्ध पेटलं. १८६२ मध्ये ते उत्तरेच्या फौजेत गेले आणि टेहळणीच्या कामावर असताना गुडघा दुखावून घेतला. १८६३ मध्ये पत्नी जेन वारली. जॅक्सनविलला ते आले १८६४ मध्ये, तेव्हा वय अठ्ठावीसच्या आसपास. पुढच्याच वर्षी एलिझाबेथशी लग्न केलं आणि संसार पुन्हा उभा राहिला. मुलगा कार्ल सर्जन झाला. आर्थरनं वडिलांचाच पेशा घेतला आणि शिकागोच्या ज्या नॉर्थवेस्टर्न दंत महाविद्यालयाचे वडील १८९७ पासून अखेरपर्यंत डीन होते, त्याचाच पुढे तोही डीन झाला.

मला मोठे वाटतात ते दवाखान्यातले ब्लॅक. दिवसभर पेशंट बघून हा माणूस प्रयोग करत बसायचा. दाढेत भरायची 'चांदी' तेव्हा ज्याच्या त्याच्या हातची असायची. कुणाची फुगून दात फोडायची, कुणाची आकसून कडेनं फट पडायची. चांदी, कथील आणि पाऱ्याचं प्रमाण त्यांनी मोजून मोजून बसवलं. हत्यारांचंही तेच. पात्याची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागात, लांबी मिलिमीटरमध्ये आणि दांड्याशी होणारा कोन वर्तुळाच्या शंभराव्या भागात, असे आकडे हत्याराच्या मुठीवर कोरले की जगात कुठेही तसंच हत्यार बनवता येतं. माझ्या ट्रेमधल्या हॅचेटवर, म्हणजे दात कोरायच्या एका हत्यारावर, हे आकडे आहेत. पुढे कीड लागू नये म्हणून चांगला दातही थोडा जास्त कोरायचा त्यांचा नियम मात्र आता मागे पडला आणि ते योग्यच झालं. आज दात जितका वाचेल तितका वाचवायचा असतो.

शिकागोला परतल्यावर लिंकन पार्कच्या दक्षिण टोकाला, ॲस्टर स्ट्रीट आणि नॉर्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचा त्यांचा पुतळाही बघितला. खुर्चीत बसलेले, ब्राँझमधले. बाकावर बसून लेकीला मी कोलोरॅडोची गोष्ट सांगितली.

तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. १९०९ मध्ये फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्यानं बोलावलं आणि सत्तरी उलटलेले ब्लॅक तिथे पोहोचले. डाग फक्त दात घडत असतानाच पडतात, मोठेपणी तिथे राहायला आलेल्यांना पडत नाहीत, आणि गंमत म्हणजे डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते, एवढं या दोघांनी शोधलं. १९१५ मध्ये ब्लॅक गेले. पाण्यातलं फ्लोराइड हे कारण सापडलं १९३१ मध्ये.

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात हेच फ्लोराइड आहे. लग्नाच्या मुलीला घेऊन आई येते. म्हणते, "मॅडम, घासून घासून ब्रश झिजला, पण डाग काही जात नाही." मुलीचे दात मी झाकून देते आणि विचारते, घरी धाकटं कोणी आहे का, त्याचं वय काय, ते कुठलं पाणी पितं. ते सात-आठ वर्षांच्या आत असेल तर पुढे येणारे दात अजून वाचवता येतात.