तिसऱ्या नंबरचं गाणं

दिवाळी पहाटवाल्यांचे फोन साधारण गणपती गेले की सुरू होतात. बोलणं ठरलेलंच असतं, आधी कौतुक, तुमचं ते एसटी स्टँडवालं गाणं काय छान आहे हो, आमच्या मिसेस रोज लावतात, मग तारीख, मग साथीला किती जण, मग पाकिटाचं थोडं इकडे-तिकडे, आणि फोन ठेवता ठेवता एकदम हळू आवाजात, "फक्त ते नवीन वगैरे जरा कमी ठेवा हं, लोकांना काय, आपली नेहमीचीच लागतात." मी हो म्हणतो. आणि यादीत तिसऱ्या नंबरला माझं गाणं टाकतो.

तिसराच नंबर का, तर त्याच्यामागे बराच विचार आहे. पहिलं गाणं वायाच जातं. पहाटे साडेपाचची वेळ, लोक शाल सावरत जागा शोधतायत, साउंडवाला दादा अजून तबल्याचा माईक खालीवर करतोय, कुणीतरी अत्तराचा फाया घेऊन रांगेरांगेतून फिरतंय. तिथे भूपाळी घ्यायची आणि मोकळं व्हायचं. दुसरं एकदम ओळखीचं, म्हणजे लोक ओठातल्या ओठात म्हणायला लागतात आणि त्यांना भरवसा बसतो की या माणसाला आपली गाणी येतात, हा काही भलतं करणारा नाही. त्या भरवशावर तिसरं माझं. आणि चौथं लगेच पुन्हा ओळखीचं, म्हणजे कुणाला रागवायला सवडच मिळत नाही. शेवटाकडे ठेवून उपयोग नाही, तोपर्यंत मागच्या रांगा फराळाच्या टेबलाकडे सरकलेल्या असतात.

अजून एक अट असते, ती मी निवेदिकेला आधीच हात जोडून सांगतो, की "आता ऐकूया एक नवीन रचना" हे वाक्य म्हणायचं नाही. नवीन रचना म्हटलं की हॉलमधले अर्धे मोबाइल खिशातून बाहेर येतात, हे मी स्टेजवरून डोळ्यांनी बघितलंय. काही न बोलता गिटार सुरू करायची, गाणं संपलं आणि टाळ्या आल्या की मग सांगायचं कुणाचं आहे ते. टाळ्या नाही आल्या तर नाही सांगायचं, सोप्पंय.

मी पुण्यात राहतो, मराठीत स्वतःची गाणी करतो, लेबल नाही, मॅनेजर नाही, सिनेमात गाणं नाही. घर चालतं ते गिटारच्या क्लासवर, अधूनमधून जिंगल, सोसायट्यांचे गणपती, कोजागिरी, कंपन्यांचे कार्यक्रम. २०१० ला पुण्यात एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे पोरं लोक गर्दीत उभे राहून मान हलवत होतो, आणि तेव्हा आमच्या डोक्यात स्वतःचं गाणं म्हणजे इंग्रजीच असायचं, मराठीत करायचं तर ते आपोआप भावगीत होईल आणि पेटी घ्यावी लागेल अशी काहीतरी समजूत होती. आता तसं राहिलेलं नाही, मराठीत रॅप चालतंय, रॉक चालतंय, पोरं मस्त लिहितायत. पण स्टेजचा प्रश्न आहे तिथेच आहे. ज्या कॅफेत नवीन ऐकायला लोक येतात तिथे मराठी ऐकणारे थोडे, आणि जिथे मराठी ऐकणारे हजारभर बसलेत तिथे नवीन नको.

म्हणून मी आता रिलीज वगैरेच्या तारखांवर गाणं करतच नाही. गाणं आधी माणसांसमोर, महिनोनमहिने, आणि मग माईकसमोर. सगळे उलटं सांगतात, दर सहा आठवड्यांनी सिंगल टाका, अल्गोरिदमला खायला घाला, नाहीतर विसरतो तो. विसरू दे की, त्याला माझं कुठलं गाणं पाठ होतं.

लोकांसमोर गाणं दुरुस्त होतं, हे घरी बसून होत नाही. ते एसटी स्टँडवालं गाणं मुळात तीन अंतऱ्यांचं होतं. सांगलीला एका हॉलमध्ये दुसरा अंतरा संपवून मुखड्यावर आलो, तबलजीने एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणारी छान तिहाई ठेवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्यांच्या लेखी गाणं संपलं होतं! आम्ही तिसरा अंतरा सुरू केला तर समोर जरा अवघडल्यासारखं, जेवून हात धुतल्यावर पुन्हा ताटात वाढावं तसं. पुण्यात सुदर्शन रंगमंचावर परत तेच झालं. तबलजी म्हणाला तिहाई नको ठेवायला, मी म्हटलं तिहाई राहू दे, अंतराच जाऊ दे. रेकॉर्डिंगमध्ये दोनच अंतरे आहेत. काढलेला तिसरा चांगला होता असं मला अजूनही वाटतं, पण गाणं त्याच्याशिवाय चांगलं आहे.

स्केलचंही तसंच. मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातो आणि सोबत गाणारी मैत्रीण काळी चारमध्ये, म्हणजे तबलजीने दोन तबले आणायचे आणि मी गाण्यागाण्याला कॅपो, म्हणजे गिटारच्या दांड्यावरचा स्वर चढवणारा चाप, सरकवत बसायचं. काळी चार म्हणजे गिटारवाल्यांचा जी शार्प, त्यात उघड्या तारा मिळत नाहीत, मग पहिल्या फ्रेटला कॅपो लावून जीच्या शेपमध्ये वाजवायचं. हे क्लासला नवीन पोरांना सांगितलं की ते माझ्याकडे असे बघतात की हा माणूस नक्की कुठल्या शतकातला. पण मराठी गायकाला "कुठल्या की मध्ये?" विचारलं तर उत्तर पेटीच्या भाषेतच येणार, आणि पाच मिनिटांत स्टेजवर जायचं असेल तर ते यायलाच पाहिजे.

रेकॉर्डिंग मी घरीच करतो, तबला सोडून. तबल्याला स्टुडिओची शिफ्ट घ्यायची, तिथे हात आखडता घेतला की बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, नुसता पुठ्ठ्यासारखा वाजतो. आवाज आणि गिटार घरी, रात्री अकरानंतर, कारण दिवसा भंगारवाला, शेजारचे कुकर, पाण्याच्या टँकरची मोटर, आणि एप्रिल-मेमध्ये कोकीळ, जो पहाटे साडेचारलाच सुरू होतो आणि त्याला नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज आपोआप कापणारी सोय, लागू पडत नाही. बाल्कनीच्या दाराला दोन गोधड्या, पंखा बंद, घाम पुसत टेक घ्यायचे. तबलजीला क्लिक ट्रॅक मानवत नाही, तो म्हणतो त्या टिकटिकीत लय मरते, आणि खरं सांगायचं तर ऐकल्यावर मला ते पटतं, म्हणून आम्ही आधी दोघं एकत्र क्लिकशिवाय वाजवतो आणि बाकी सगळं त्याच्यावर चढवतो. एडिटिंग करणारा मित्र यावरून जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

मिक्स झाल्यावर चांगल्या हेडफोनवर कधीच ठरवायचं नाही. मी आईच्या मोबाइलवर लावतो, ओट्यावर ठेवून, नळ चालू असताना. शब्द कळले तर मिक्स बरा. बेस तसाही त्या इवल्या स्पीकरवर ऐकू येत नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी करकर, देऊन त्याचा वरचा भाग बाहेर काढावा लागतो. आवाज नुसता मोठा करण्यातही आता काही हशील नाही, स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) सगळ्यांना एका पातळीवर आणून ठेवतं, तुम्ही कितीही चेपून पाठवा, तिथे गेल्यावर आवाज कमीच होणार आणि चेपलेपणा तेवढा राहणार.

मग अपलोडचं कारकुनी काम. डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हर, आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, आणि भाषेच्या-प्रकाराच्या याद्या, ज्यात इंडियन, मग त्याच्या आत रीजनल इंडियन, मग त्याच्या आत मराठी, एवढ्या खोल्या ओलांडून आपण आपल्या जागेवर पोचतो. गाणं रिलीजच्या निदान ७ दिवस आधी स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांकडे पिच केलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत जातं. ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात. आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर रेकॉर्डिंगचे पैसे शून्य. माझ्या कॅटलॉगमधली बरीचशी मंडळी या रेषेच्या खाली आरामात पाय पसरून बसलीयत. एकदा तर माझ्याच यूट्यूब चॅनलवर माझ्याच गाण्याला कॉपीराइट क्लेम आला, डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे माझी गाणी सगळीकडे चढवणाऱ्या कंपनीने, कंटेंट आयडी (यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) लावला होता आणि माझं चॅनल सवलतीच्या यादीत टाकायचं राहून गेलं होतं. माझ्या गाण्याची जाहिरातीची कमाई माझ्याकडून काढून फिरून मलाच मिळणार होती, त्यांचा वाटा कापून.

यापेक्षा मला दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलतात, ती म्हणजे कवीशी व्यवहार. आपल्याकडे कविता आवडली की चाल लावायची, गायची, रील टाकायचं, आणि मग कवीला टॅग करून "सर तुमच्या शब्दांना छोटासा प्रयत्न" असं लिहायचं. कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, वर्षाअखेरपर्यंत धरून. मर्ढेकर १९५६ ला गेले म्हणजे २०१७ पासून कुणालाही चाल लावायला मोकळे, बालकवी-केशवसुत तर कधीचे मोकळे, तुकोबांचा प्रश्नच नाही. पण कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. जिवंत कवीला तर साधा फोन करायचा! मी एक पानाचा कागद करतो, शब्द त्यांचे, चाल माझी, गाण्याच्या रॉयल्टीत निम्मे-निम्मे, आणि दोघांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायचं. आयपीआरएस १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हा वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एका कवींना पहिल्यांदा त्यातले पैसे आले तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं, "हे चुकून आलेत का?" रक्कम सांगत नाही, दोन पुस्तकं आली असती एवढी होती. पण पुढची कविता त्यांनी छापायच्या आधी मला पाठवली.

पोचण्याचं म्हणाल तर रीलचा मला फारसा उपयोग झालेला नाही. करतो, नाही असं नाही, मुखडा कापून टाकतो. पण माझं गाणं फिरतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, तेही लिंक म्हणून नाही, ऑडिओ फाइल म्हणून. काकू मंडळींना लिंक नको असते, लिंक उघडली की जाहिरात येते, अ‍ॅप उतरवा म्हणतं. त्यांना नुसता बाण दाबला की वाजायला पाहिजे. यात मला एक दमडी मिळत नाही, स्ट्रीमही धरला जात नाही, आणि तरी मी स्वतःच एमपीथ्री पाठवतो, फाइलच्या नावात गाण्याचं, कवीचं आणि माझं नाव घालून. कारण पुढच्या वर्षी जो फोन येतो तो या फाइलवरून येतो. डॅशबोर्डवर ज्या गाण्याचे आकडे केविलवाणे दिसतात तेच गाणं इचलकरंजीत समोर बसलेली मुलगी शब्दन् शब्द म्हणत असते, आता हे कुठल्या ग्राफमध्ये दाखवणार.

आणि कोजागिरी. उघड्यावरच्या कार्यक्रमात स्पीकर रात्री दहाला बंद करायचा असतो आणि दूध प्यायचं असतं बाराला, मधले दोन तास माईक नाही, साउंडवाला वायरी गुंडाळतोय, गच्चीवर चाळीसेक लोक उरलेत, लहान पोरं सतरंजीवर आडवी झालीयत. तिथे मला कुणी यादी विचारत नाही. तिथे मी नवं गातो, अर्धवट झालेलं सुद्धा गातो, शब्द विसरलो तर सांगतो की हे अजून व्हायचंय, आणि लोक सांगतात, अगदी बिनधास्त, की तो "उसवले" शब्द दोनदा येतोय, किंवा हे फार रडकं झालं बरं का. घरगुती मैफली करतो त्याही याच हिशोबात, कोथरूडला कुणाच्या तरी हॉलमधला सोफा बाहेर काढून, गाद्या टाकून, दाराशी चपलांच्या ढिगाजवळ क्यूआर कोडचा कागद. त्या कागदावर लोक टाकतात ते पैसे स्ट्रीमिंगच्या वर्षाच्या हिशोबापेक्षा जास्त असतात, एका संध्याकाळचे. मी ते लगेच साथीदारांत वाटतो, त्यांना थांबवून ठेवायचं नाही हा माझा एकमेव धंद्याचा नियम आहे.

सध्या जे गाणं हातात आहे ते वरच्याच मास्तरांच्या कवितेचं, विहिरीचा गाळ काढण्यावर आहे. मुखडा बसलाय. अंतऱ्यावर तबलजीचं म्हणणं सात मात्रांचा रूपक ताल घेऊ, शब्द सातातच पडतायत, ओढून आठात कशाला बसवतोस. माझं म्हणणं सातात ते फार विचारी होतं, आणि गाळ काढणारी माणसं विचारी नसतात, ती घाईत असतात. भांडण मिटलेलं नाही. येत्या दिवाळीत पहाटेचे दोन कार्यक्रम आहेत, एक चिंचवडला, एक सदाशिव पेठेत. एकीकडे रूपकात घेणार, दुसरीकडे आठ मात्रांच्या केरव्यात, दोन्हीकडे तिसऱ्या नंबरला, आयोजकांना अर्थातच सांगितलेलं नाही.