पंचाण्णव पौंडांची बीएसए

दहा-बारा वर्षांपूर्वी इथे बर्मिंगहॅममध्ये एका आजोबांनी त्यांच्या गॅरेजमध्ये मला बीएसए कंपनीची एक जुनी एअरगन, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, दाखवली होती. पहिल्या महायुद्धाच्या आधीची, नळीखाली लांब लिव्हर असलेली. दीडशे पौंड म्हणाले. मी म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात बघतो.’ पुढच्या महिन्यात ती विकली गेली होती, आणि तो भाव मला पुढे अनेक वर्षं दिसला नाही.

आता बर्मिंगहॅममध्ये राहायचं आणि घरात बीएसए नाही, म्हणजे कोल्हापुरात राहून प्लास्टिकच्या चपला घालण्यासारखं आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आपल्याकडे मोटारसायकलमुळे माहीत असलेली. इथल्या स्मॉल हीथ भागात, आर्मरी रोडवर त्यांचा मोठा कारखाना होता. या एअरगनचं डिझाइन लिंकन जेफ्रीज नावाच्या बंदूकवाल्याचं. त्याचं दुकान स्टीलहाउस लेनवर होतं; आज त्याच रस्त्यावर लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. 1905 पासून बीएसए त्याच्या डिझाइनवर बंदुका बनवायला लागली.

भाव का चढले, याची चर्चा संग्राहक दोघे भेटले की सुरू होते. माझ्या मते सत्तरच्या दशकात जी पोरं दुकानाच्या खिडकीबाहेरून बीएसएची एअरस्पोर्टर रायफल बघत उभी राहायची, ती आता निवृत्त झाली आणि त्यांच्या हातात पैसे आले. लॉकडाउनमध्ये तर घरी बसलेला प्रत्येक जण लहानपणीची वस्तू शोधत होता. त्यात वेब्ली या बर्मिंगहॅमच्याच दुसऱ्या बंदूक कंपनीचं उत्पादन केव्हाच तुर्कस्तानात गेलं, त्यामुळे बर्मिंगहॅममध्ये बनलेली जी जुनी वेब्ली आहे तीच काय ती आहे. 1930 च्या दशकातली वेब्ली सर्व्हिस मार्क टू, तीन वेगवेगळ्या बोअरच्या (आतल्या भोकाच्या मापाच्या) नळ्या बसणारी, हे माझं खरं स्वप्न. तिच्या भावाकडे मी आता बघतसुद्धा नाही.

मग स्वस्तात शोधायचं ठरवलं, आणि पहिल्याच झटक्याला हात पोळले. एक जुनं वेब्ली पिस्तूल ‘छान चकचकीत’ म्हणून घेतलं. घरी आणून उजेडात धरलं तर कोणीतरी पॉलिश पेपरने घासघासून नवं काळं चढवलेलं. अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या झालेल्या. गंज काढता येतो, पण घासून गेलेलं अक्षर परत कुठून आणणार? तेव्हापासून मी चकचकीत वस्तूला घाबरतो आणि तपकिरी वस्तूजवळ थांबतो.

नियमांचंही सांगतो, कारण भारतातले मित्र पहिला प्रश्न तोच विचारतात. इंग्लंड-वेल्समध्ये बारा फूट-पाउंडपर्यंत (हे छर्ऱ्याच्या जोराचं माप) ताकदीच्या एअर रायफलला लायसन लागत नाही; घेणारा अठरा पूर्ण हवा. स्कॉटलंडमध्ये मात्र 2016 च्या अखेरीपासून सर्टिफिकेट लागतं. आणि व्यापारी विक्रेत्याला माल गिऱ्हाइकाच्या हातात समोरासमोरच द्यावा लागतो, कुरियरने दारात येत नाही. ही कटकट वाटते खरी, पण आमच्यासारख्या चिकटांना तीच उपयोगी पडते. लांबच्या गावातल्या लिलावात बोली लावणारे कमी असतात, कारण आणायला जाणार कोण?

मी बंदुकांचे खास लिलाव बघणं सोडून दिलं. तिथे सगळे जाणकार. त्याऐवजी घरं रिकामी करणाऱ्यांचे छोटे लिलाव रोज रात्री चाळायला लागलो, मासेमारीच्या काठ्या, क्रिकेटच्या बॅटी आणि चालायच्या काठ्या असतात त्या भागात. सात-आठ महिने काहीच नाही. बायको म्हणायची, एवढ्या वेळात जर्मन शिकला असतास.

मग एका रात्री तो फोटो दिसला. ‘जुनी एअर रायफल, नादुरुस्त, दोन गळांसह.’ फोटो हललेला, पण नळीखालची लिव्हर आणि छर्रा घालायच्या फिरत्या टॅपचा छोटा कान स्पष्ट दिसत होता. वर्णनात बीएसएचं नावही नव्हतं. मी ‘लिव्हर हलते का?’ एवढाच प्रश्न पाठवला. जास्त विचारलं की समोरचा सावध होतो.

लिलावाच्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली धरून बसलो. चाळीस, पंचावन्न, सत्तर. माझी मर्यादा शंभर ठरलेली. पंचाण्णवला हातोडा पडला आणि मी मीटिंगमध्ये कशाला तरी ‘येस’ म्हणालो, ते काम पुढे तीन आठवडे निस्तरत होतो. अर्थात पंचाण्णव म्हणजे पंचाण्णव नव्हेत. वर पंचवीस टक्के लिलाववाल्यांचं कमिशन, त्या कमिशनवर वीस टक्के व्हॅट. झाले एकशे साडेतेवीस. जाऊन-येऊन बावीस पौंडांचं पेट्रोल. दोन गळ मात्र फुकट.

बंदूक घरी आणली, जुन्या चादरीवर ठेवली आणि तेलात बुडवलेल्या फडक्याने तीन संध्याकाळी नुसती पुसली. घासायचं नाही, हे शिकलो होतो. तिसऱ्या दिवशी सिलिंडरवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण उमटली. बीएसएची मोहोर. लांबी मोजली, 39 इंच. म्हणजे लाइट पॅटर्न, आखूड आणि हलका नमुना.

उघडली तेव्हा स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. धड स्प्रिंग असती तर मी घरी उघडलीच नसती. दाबून बसलेली स्प्रिंग सुटली की बोटं जातात. आणि पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं वॉशर, वाळून सुकटीसारखं झालेलं. ते हातात घेतल्यावर मी हसायलाच लागलो. हे तर आमच्या साताऱ्याच्या घरातल्या स्टोव्हचं वायसर! पंप मारून हवा भरत नाही म्हटल्यावर आई तो दांडा बाहेर काढायची, चामड्याच्या वाटीला बोटाने खोबरेल लावायची आणि कडा हलकेच फाकवून परत आत सरकवायची. लिंकन जेफ्रीजच्या पेटंटमधली हवा आणि आमच्या चहाची हवा एकाच युक्तीने अडवलेली होती. नवं वॉशर नऊ पौंडांना, स्प्रिंग पंधराला मिळाली. वॉशर रात्रभर तेलात ठेवलं आणि आईसारख्याच त्याच्या कडा फाकवल्या. एकूण खर्च एकशे साडेएकोणसत्तर.

मागच्या अंगणात पहिला बार काढला तेव्हा नळीतून तेलाचा निळसर धूर आला आणि छर्रा कागदाच्या पार कडेला लागला. जुन्या बावीस बोअरच्या (.22 इंच) बीएसएला 5.6 मिलिमीटरचे, जरा जाड छर्रे मानवतात. ते आता सहज मिळत नाहीत. जुन्या अर्ध्या डब्यालाही लोक भाव सांगतात. म्हणजे शिकार अजून चालूच.

हे पैसे भरून काढायला मी माझी एक बीएसए मिटिऑर एअर रायफल विकायला काढली. 2009 मध्ये शेजाऱ्याकडून पंचवीस पौंडांना घेतली होती. आता चालू भाव बघून नव्वद लावले. एक तरुण आला. मी वय बघायला ड्रायव्हिंग लायसन मागितलं, त्याने दिलं, बंदूक उलटसुलट केली आणि म्हणाला, ‘माझे वडील सांगतात, या वीस-पंचवीसला मिळायच्या.’

मी म्हटलं, ‘बरोबर सांगतात.’

ऐंशीला दिली. जाताना ते दोन गळही त्याच्या हातात ठेवले.