करारानंतरची सात वर्षं

इतिहास शिकवतो म्हणून तुम्ही मला नेहमी विचारता : समाज युद्धाला का उभे राहतात, आणि टिकणारी शांतता खरंच शक्य आहे का? माणूस मुळातच हिंसक, हे उत्तर मला पटत नाही. एकमेकांचा द्वेष करणारे कितीतरी शेजारी पिढ्यानपिढ्या न लढता राहतात.

जमीन, सत्ता, अपमानाचा सूड ही कारणं आहेतच. पण मला सगळ्यांत घातक वाटते ती भीती. 1914च्या जुलैअखेर रशियानं सैन्य जमवायला घेतलं आणि जर्मनीला वाटलं, आता थांबलो तर हरलो. अशा वेळी समोरच्याचा शब्द खरा असला तरी त्यावर विसंबायची हिंमत होत नाही.

म्हणून मी उत्तर आयर्लंडकडे बघायला सांगतो. तिथे ब्रिटनमध्येच राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक यांच्या संघर्षात तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. 10 एप्रिल 1998ला करार झाला, सार्वमतात लोकांनी तो उचलून धरला. तरी शस्त्रांवर घोडं अडलंच. आधी शस्त्रं टाका, मग सत्तेत बसू, असं प्रोटेस्टंट बाजू म्हणे. शस्त्रं टाकणं म्हणजे शरणागती, असं आयआरएला, म्हणजे आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेला वाटे. मार्ग निघाला तो असा : कॅनडाचे निवृत्त जनरल जॉन द शास्तलँ यांच्या आयोगासमोर आयआरएनं शस्त्रं निकामी करायची, आणि एक कॅथलिक व एक प्रोटेस्टंट धर्मगुरू साक्षीला. काम पुरं झाल्याचं जाहीर व्हायला 2005चा सप्टेंबर उजाडला. शत्रूवर विश्वास ठेवा, असं कुणाला सांगावं लागलं नाही; खात्री करून घ्यायची सोय करून दिली. हे मला फार मोलाचं वाटतं.

सत्तेचंही तसंच. दोन्ही बाजूंच्या तिथल्या सरकारात प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री यांचे अधिकार समान. एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. 2007मध्ये त्या खुर्च्यांवर प्रोटेस्टंट बाजूचे नेते इयन पेझ्ली आणि आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मॅकगिनेस बसले. पेझ्लींनी उभी हयात अशा तडजोडीला विरोध करण्यात घालवली होती!

ही सगळी वरची बांधणी. बेलफास्टमध्ये वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंती अजून आहेत, बहुतेक मुलं आपापल्या पंथाच्या शाळेत जातात. शाळा एकत्र करण्याचं काम फार रेंगाळलं आहे, आणि मला तिथली काळजी वाटते ती याच कारणानं.